आठ महिन्यांनंतर: परदेशी नाण्यांचा किलोभर लॉट आणि सोबतचा अल्बम

डिसेंबरमध्ये एका ऑनलाइन विक्रेत्याकडून परदेशी नाण्यांचा एक किलोचा मिश्र लॉट १,८५० रुपयांना आणि खिशांच्या पानांचा अल्बम ६५० रुपयांना मागवला, तेव्हा अल्बमला मी पैकीच्या पैकी गुण दिले होते आणि लॉटला जेमतेम काठावर पास केले होते. आज ते मत मी पूर्णपणे बदलत आहे.

लॉटबद्दलची माझी नाराजी घाईची होती. २१३ नाणी निघाली, म्हणजे एक नाणे पावणेनऊ रुपयांना पडले. वरवर पाहता त्यांत युरोचे सेंट आणि अमेरिकी सेंटच फार होते. मात्र रोज रात्री थोडी थोडी निवडत गेलो, तसा लॉट उलगडत गेला. ब्रिटनचे १९९० सालचे दोन पेन्स चुंबकाला चिकटत नाही आणि १९९४ सालचे चिकटते, कारण मधल्या काळात कांस्य जाऊन तांब्याचा मुलामा दिलेले पोलाद आले, हे हातात घेऊन पाहण्याचा आनंद निराळाच होता. फेब्रुवारीत १९४४ सालचे सहा पेन्सचे नाणे सापडले. १९२० ते १९४६ या काळातल्या या नाण्यांत निम्मी चांदी असते. आमच्या सराफांच्या काट्यावर ते २.८ ग्रॅम भरले, तेव्हा त्या किलोचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटले.

सगळ्यात जीव जडला तो पूर्व आफ्रिकेच्या १९४२ सालच्या दहा सेंटवर. कांस्याचे, मध्ये भोक असलेले, एका बाजूस हस्तिदंत, आणि लॅटिनमध्ये जॉर्ज राजाच्या नावापुढे ‘हिंदुस्थानचा सम्राट’ या बिरुदाचे संक्षिप्त रूप. ज्या वर्षी आमच्या लातूरकडे बाजार निजामाच्या हाली सिक्क्यावर चालत होता, त्या वर्षीचे हे नाणे. म्हणून ते अल्बमच्या पहिल्या पानावर ठेवले, आणि तिथेच घात झाला.

ऑगस्टमध्ये अल्बम उघडला तर त्या भोकाच्या कडेने हिरवट, चिकट थर जमला होता. बोटाला तेलासारखा लागत होता आणि पानाला नव्या प्लॅस्टिकच्या पडद्याचा वास येत होता. पाने पीव्हीसीची होती. या प्लॅस्टिकला मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू बाहेर झिरपते, प्लॅस्टिकमधल्या क्लोरीनचे आम्लही सुटते, उष्णतेने त्याला वेग येतो आणि तांबे असलेल्या धातूला ते आम्ल खाऊ लागते. अल्बम ज्या कपाटात होता ती आमची वरची खोली पत्र्याची आहे आणि मे महिन्यात तिथे काय होत असेल, हे मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. विक्रेत्याला फोटो पाठवले. त्यावर ‘परतीची मुदत दहा दिवसांची होती, हा दमट हवेचा परिणाम आहे’ असे उत्तर आले. त्याच लॉटमधली उरलेली कांस्य नाणी त्याच कपाटात स्टीलच्या डब्यात होती आणि ती स्वच्छ आहेत, हे कळवल्यावर उत्तरच आले नाही.

तेव्हा अंगणात जाऊन स्वतःच परीक्षा घेतली. तांब्याची तार चिमट्यात धरून ज्योतीत लाल होईपर्यंत तापवली, गरम असतानाच पानाच्या कोपऱ्याला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत लख्ख हिरवी झाली. पीव्हीसीतले क्लोरीन असेच उघडे पडते. (धूर विषारी असतो, घरात करू नये.) नाणे शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवले, नखरंग काढण्याचे द्रावण चालत नाही, कारण त्यात तेल आणि सुगंध मिसळलेला असतो. न घासता दोनदा द्रावण बदलले, थर निघाला, पण भोकाजवळचे तीन बारीक खड्डे कायमचे राहिले.

आजीने ठेवलेला चारमिनारचा हाली रुपया सुदैवाने मी या अल्बममध्ये हलवलाच नव्हता. तो अजून तिच्या सुती चिंधीत आहे. बाकीची नाणी पुठ्ठ्याच्या, मायलार या पारदर्शक फिल्मच्या खिडकीच्या होल्डरमध्ये हलवतो आहे. वर्णनात ‘पीव्हीसीरहित’ असे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर असा अल्बम फुकट मिळाला तरी घेऊ नये. लॉट मात्र मी त्याच वजनाचा पुन्हा मागवला आहे, दुसऱ्या विक्रेत्याकडून.