मुंग्या पाळून नऊ महिने झाले: काय चाललं, काय फसलं

सुरुवातीला माझ्याकडे दोन राण्या होत्या. पाऊस पडून गेल्यावरच्या एका दमट, वारा पडलेल्या संध्याकाळी दोन्ही सापडल्या. अशाच हवेत राण्या आणि नर उडतात. मिलन झालं की राणी जमिनीवर उतरते, आपले पंख स्वतःच पाडते आणि बिळासाठी जागा शोधत एकटी चालत राहते. पंख नसलेली, जाड छातीची, एकटीच धावणारी मोठी मुंगी दिसली तर ती बहुधा राणीच. वारूळ खणून राणी काढायच्या फंदात कुणी पडू नये. ती सहसा हाती लागत नाही आणि अख्खी वसाहत उद्ध्वस्त होते.

माझ्या दोन्ही राण्या मुंगळ्यांच्या, म्हणजे कॅम्पोनोटस प्रजातीच्या. ही प्रजाती जवळपास जगभर आढळते आणि तिच्यात हजाराहून जास्त जाती आहेत. नवख्या माणसाला मी हीच सुचवेन. मुंग्या मोठ्या असल्याने सगळं नुसत्या डोळ्यांना दिसतं. त्यांना नांगी नसते (चावतात मात्र, आणि चावलेल्या जागी फॉर्मिक आम्ल सोडतात). सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिली पिल्लं वाढेपर्यंत राणीला काहीही खायला लागत नाही. उडण्याचे स्नायू आता तिच्या उपयोगाचे नसतात. ते ती अंगातच जिरवते आणि त्यावर अळ्यांना भरवते. तोटा एकच, या वसाहती फार सावकाश वाढतात.

घर म्हणजे साधी टेस्ट ट्यूब. माझी साधारण 15 सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर रुंद आहे. तळाचा एक तृतीयांश भाग पाण्याने भरायचा. त्यावर कापसाचा बोळा असा दाबायचा की तो ओला राहील, पण पाणी झिरपणार नाही. मग राणी, आणि तोंडाशी कोरडा बोळा. पाण्यामागे हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. खोली तापली की ती हवा फुगते आणि पाणी बोळ्यातून राणीच्या बाजूला ढकलते.

पहिली राणी मी टेबलाच्या खणात ठेवली. अंधार आहे ना, एवढंच पाहिलं. तो खण दिवसातून दहा वेळा उघडायचा आणि रोज रात्री मी टॉर्च घेऊन अंडी मोजायचे. आठव्या दिवशी सहा अंडी होती, दहाव्या दिवशी एकही नव्हतं. तिने ती खाल्ली होती. भेदरलेली राणी असंच करते, अंड्यांत घातलेलं बळ परत अंगात घेते. तिने पुन्हा घातलेली अंडीही टिकली नाहीत आणि दोन महिन्यांनी ती मेली. दुसरी राणी मी जादाची म्हणून पुस्तकांच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर कापडात गुंडाळून ठेवली होती. सगळं लक्ष पहिलीकडे असल्याने तिला आठवड्यातून एकदा पाहिलं तर पाहिलं. आजची वसाहत तिची आहे. पहिलीला सतत त्रास देणं हा माझ्याकडून झालेला सगळ्यात मोठा अपराध, आणि या सगळ्या अनुभवातून एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगेन: पहिली पिल्लं वाढेपर्यंत नळीला हात लावू नका. उजेडापेक्षा धक्के आणि थरथर जास्त वाईट. मुंग्यांना तांबडा रंग जवळजवळ दिसत नाही, म्हणून नळीवर लाल पारदर्शक कागद गुंडाळतात आणि त्याचा उपयोग होतोही. पण आदळणाऱ्या दारापासून तो कागद वाचवत नाही.

सत्तेचाळिसाव्या दिवशी पहिली कामकरी मुंगी बाहेर आली. ती फिकट, जवळजवळ पारदर्शक आणि फारच लहान होती. राणीने अंगातल्या साठ्यावरच वाढवलेली असल्याने पहिली तुकडी अशी बारकीच निघते, पुढच्या मोठ्या होतात. त्याआधी कोशाच्या एका टोकाला काळा ठिपका दिसला होता आणि कोश सडला असं वाटून माझ्या पोटात गोळा आला होता. तो सडलेपणा नसतो. अळीने कोशात जाताना पोटातली सगळी साठलेली घाण एकदम टाकलेली असते, तोच तो ठिपका.

पहिला साखरपाण्याचा थेंब दिला ती रात्र मी विसरणार नाही. एक भाग साखर, तीन भाग पाणी, आणि टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. ती बारकी मुंगी थेंबापाशी जवळजवळ चार मिनिटं हलली नाही. पीत असताना तिचं पोट ताणत गेलं आणि काळ्या पट्ट्यांमधली फिकट त्वचा दिसू लागली. मग ती राणीकडे गेली आणि दोघींनी तोंडाला तोंड लावलं. मुंगीच्या पोटात दोन कप्पे असतात, एक स्वतःसाठी आणि एक सगळ्यांसाठी. त्या सामाईक कप्प्यातलं ती राणीला पाजत होती. जवळजवळ सात आठवडे काही न खाल्लेली राणी पहिला घोट घेत होती आणि मी श्वास रोखून बघत होते.

खाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण यात माझंही चुकत होतं. प्रौढ मुंग्या घन पदार्थ गिळू शकत नाहीत, त्यांचं इंधन म्हणजे साखर. प्रथिनं लागतात ती अळ्यांना आणि अंडी घालणाऱ्या राणीला. म्हणून अळ्या असतील तेव्हा कीटक द्यायचा आणि नसतील तेव्हा तो तसाच पडून राहतो. मी सुरुवातीला दर दोन दिवसांनी किडा टाकायचे. उरलेल्यावर बुरशी आली आणि कचऱ्यावर बारीक पांढरे माइट्स दिसू लागले. आता आठवड्यातून दोनदा, लहानशा कामकरी मुंगीएवढाच तुकडा देते आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं चिमट्याने काढते. घरात सापडलेला झुरळ किंवा माशी कधीही देऊ नका. त्यांच्या अंगावर कीटकनाशक असू शकतं आणि तेवढ्याने अख्खी वसाहत जाते. खाद्य म्हणून वाढवलेले किडेच घ्या आणि ते मारून द्या. जिवंत किड्याच्या लाथेने छोटी वसाहत जखमी होते.

घरट्याची मी घाई केली. सात मुंग्या झाल्या आणि मी त्यांना काही शे मुंग्यांसाठी बनवलेल्या ॲक्रिलिकच्या घरट्यात हलवलं. त्यांनी एकाच कोपऱ्यात दाटी केली, लांबच्या खोलीत कचरा टाकायला सुरुवात केली आणि माझा हात तिथे पोहोचेना. बुरशी चढली. शेवटी नवी नळी जोडली, तिच्यावर काळा कागद गुंडाळला, घरट्यावर उजेड ठेवला आणि वाट पाहिली. अकराव्या दिवशी त्या आपणहून परतल्या. पाणी संपलेल्या किंवा कापूस काळा पडलेल्या नळीतून नव्या नळीत न्यायचं झालं तरी हीच रीत. आपटून बाहेर काढू नका, त्यांना वेळ द्या.

मुंग्यांची संख्या तीसच्या वर गेल्यावर मी जिप्समचं छोटं घरटं घेतलं आणि ते मला फार आवडलं. जिप्सम पाणी शोषून धरतं. एका टोकाला पाणी घातलं की ओलं ते कोरडं अशी उतरंड तयार होते आणि मुंग्या अळ्यांना ओल्या बाजूला, कोशांना कोरड्या बाजूला नेतात. नुसत्या ॲक्रिलिकमध्ये ओल टिकत नाही, वर काचेवर वाफ धरते आणि आतलं काही दिसत नाही. रंगीत जेल भरलेली घरटी घेऊ नका. राणीला वाढायला ती जागा नव्हे. घरट्यात चिमूटभर बारीक वाळू मात्र ठेवा. कोश विणायला आलेल्या अळीला माझ्या मुंग्या वाळूत पुरतात, रेशमाच्या धाग्यांना आधार मिळावा म्हणून. विणून झालं की उकरून काढतात आणि कोश पुसून स्वच्छ करतात. हे मी कितीदा तरी पाहिलंय आणि अजून मन भरत नाही.

पळून जाऊ नयेत म्हणून घरट्याला जोडलेल्या, मुंग्यांच्या फिरण्याच्या डब्याच्या वरच्या कडेला पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, द्रव लावते. तो घसरडा थर चांगला चालतो, पण दमट हवेत कमी पडतो. एकदा पाच मुंग्या भिंतीवर सापडल्या. आता दर तीन आठवड्यांनी नवा थर देते आणि वर झाकणही ठेवते. तापमान 24 ते 28 अंशांत ठेवते. थेट उन्हात नळी काही मिनिटंही ठेवू नका.

घेण्याआधी वर्षांचा हिशेब करा. ब्रिटिश निसर्गअभ्यासक जॉन लबक यांनी एकोणिसाव्या शतकात काचेच्या तावदानांमध्ये मुंग्या पाळल्या, त्यातली एक राणी 13 वर्षांहून जास्त जगली. लासियस नायजर जातीची एक राणी पाळलेल्या स्थितीत 28 वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. 1956 साली अमेरिकेत मिल्टन लेव्हिन यांनी बाजारात आणलेलं वाळूचं चपटं खेळणं पुष्कळांना माहीत असतं. त्यात फक्त कामकरी मुंग्या येत, म्हणून काही महिन्यांत सगळं संपत असे. राणी असलेल्या वसाहतीचं तसं नाही. आणि जात आपल्याच परिसरातली घ्या. परक्या मुंग्या एकदा निसटल्या तर तिथल्या मुंग्यांवर काय संकट येतं, याची उदाहरणं जगभर आहेत.

आज 43 कामकरी मुंग्या आहेत. गेल्या आठवड्यात एका कोशातून इतरांपेक्षा ठळक मोठ्या डोक्याची पहिली मुंगी निघाली. दोन दिवस ती राणीच्या शेजारीच बसून होती. परवा एका वाळक्या किड्याचं कवच तिने एकटीने फोडलं आणि बाकीच्या लगेच आत शिरल्या. घरट्याचा दुसरा भाग जोडून ठेवलाय, त्याचं तोंड सध्या कापसाने बंद आहे. साठ मुंग्या झाल्याशिवाय मी तो बोळा काढणार नाही.