‘गम राहणार नाही’ म्हणणाऱ्या लॅपटॉप स्किनपासून सावध

लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवायची स्वस्तातली स्किन हा असा माल आहे, की त्यातली लबाडी घेताना दिसत नाही, लावताना दिसत नाही, वापरतानाही फारशी दिसत नाही. ती दिसते काढताना. आणि तोवर माल परत करायची मुदत केव्हाच उलटून गेलेली असते. मला ज्याने फसवलं त्याचं सगळं गणित याच मधल्या काळावर बसवलेलं होतं. आता त्याने दुकानाचं नाव बदललंय, पण फोटो तेच आहेत, व्हिडिओ तोच आहे आणि विक्रीही चालू आहे, म्हणून हे लिहिते आहे.

माझा लॅपटॉप उत्तम चालत होता, फक्त झाकणावर ओरखडे उठले होते. मुलीने काढलेलं मांजरांचं एक चित्र होतं, ते स्किनवर छापून घ्यायचं असं ठरलं. (मांजरं सात आणि शेपट्या आठ, पण तो आमचा घरगुती वाद.) विक्रेत्याच्या जाहिरातीत ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: कास्ट विनाइल, एक्स्ट्रा थिक, बुडबुडे न धरणारा गम, वरून मॅट लॅमिनेशन, ‘कधीही काढा, गम राहणार नाही’.

पुरावा म्हणून खाली व्हिडिओ. एक हात स्किन चिकटवतो, वर पाणी मारतो, किल्लीने खरवडतो, शेवटी कोपरा धरून सगळी स्किन एका दमात सोलून काढतो. खाली झाकण लख्ख. बघणाऱ्याची खात्रीच पटते. पण यात दाखवलेलं काहीच खोटं नाही आणि फसवणूक नेमकी तिथेच आहे. दाबून चिकटवायच्या कुठल्याही फिल्मचा गम पहिल्या काही मिनिटांत पूर्ण धरलेलाच नसतो. पृष्ठभागावर पसरून पक्की पकड घ्यायला त्याला साधारण २४ ते ७२ तास लागतात. म्हणजे दोन मिनिटांपूर्वी लावलेलं अगदी रद्दी स्टिकरसुद्धा असंच स्वच्छ निघेल. वर्षभर लावून ठेवलेली स्किन काढताना दाखवणारा व्हिडिओ त्याच्याकडे नव्हता. विचारल्यावर ‘मॅडम, सेम रिझल्ट आहे’ एवढंच उत्तर आलं.

पुढची चाल जास्त हुशारीची होती. विक्री एका मोठ्या शॉपिंग साइटवरून होती, पण चित्राची फाईल पाठवायला साइटवर सोय नाही, म्हणून त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर बोलावलं. तिथे फाईल घेतली, झाकणावर चित्र कसं दिसेल ते बनवून दाखवलं आणि ‘डिझाईन आणि लॅमिनेशन चार्ज’ वेगळ्या लिंकवरून मागितला. बोलणं गोड, उत्तर मिनिटात. याचा अर्थ पुढे तक्रार करताना कळला. साइटवरच्या ऑर्डरमध्ये मालाचं नाव होतं फक्त ‘डेकोरेटिव्ह स्टिकर’. कास्ट, लॅमिनेशन, गम न राहण्याची हमी हे सगळं जाहिरातीच्या फोटोंवरच्या अक्षरांत आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पांत होतं. साइटच्या लेखी मी एक स्टिकर मागवलं आणि मला एक स्टिकर मिळालं. त्यात कस्टम माल परत घेत नाहीत हा नियम विक्रेत्याच्या पथ्यावर पडला. स्वतःचं चित्र किंवा नाव छापून घ्या असा आग्रह हे लोक एवढा का करतात, याचं हेही एक कारण.

पाकीट आलं. उघडताच उग्र वास. छपाईची शाई पूर्ण वाळायच्या आत गुंडाळून पाठवली की असा वास येतो. सोबत एक चकचकीत कार्ड: पाच तारे द्या, स्क्रीनशॉट पाठवा, दुसरी स्किन फुकट मिळवा. त्या मालाखालचे सगळे कौतुकाचे अभिप्राय माल हातात पडल्याच्याच दिवशीचे का होते, ते या कार्डाने सांगितलं.

लावल्यावर चित्र छान दिसलं, हे कबूल करायला हवं. थोडे फुगे राहिले. बुडबुडे न धरणाऱ्या गमात बारीक नाल्या असतात, अडकलेली हवा बोटाने दाबली की त्यातून बाहेर सरकते. अशा फिल्मच्या मागच्या कागदावर, तिरक्या उजेडात धरला तर, बारीक जाळी उठलेली दिसते. माझा कागद सपाट, पांढरा आणि कोरा होता. कुठल्या कंपनीचं नाव नाही, मालाचा नंबर नाही. तो कागद मी फेकला नाही आणि पुढे तोच कामाला आला.

हळूहळू कडा आत सरकू लागल्या. झाकणाच्या चारही बाजूंना बारीक चिकट रेघ उघडी पडली आणि तिच्यावर बॅगेतला धागा न् धूळ बसून काळी किनार तयार झाली. जिथे हात लागतो तिथली मांजरं फिकी पडली, कारण वर लॅमिनेशन नव्हतंच. साइनबोर्डचं काम करणाऱ्या एका मित्राला दाखवलं. त्याने नखाने कोपरा उचलला आणि म्हणाला, “अगं, हे कास्ट नाहीये. साधं कॅलेंडर्ड आहे, त्यातही सगळ्यात खालचं. एक्स्ट्रा थिक लिहिलं होतं ना? तिथेच ओळखायचं.”

त्याने समजावलं ते थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळी मेख यात आहे. विनाइलची, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकची, फिल्म मुख्यतः दोन रीतींनी बनते. पहिल्या रीतीत पीव्हीसीचा गरम लगदा मोठ्या रुळांमधून दाबून, ओढून पातळ करतात. ही कॅलेंडर्ड. ती ओढून बनवलेली असल्यामुळे तिच्यात ताण राहतो आणि ऊब मिळत गेली की ती हळूहळू आक्रसते. दुसऱ्या रीतीत द्रव मिश्रण एका सपाट पत्र्यासारख्या थरावर ओतून भट्टीत पक्कं करतात. ही कास्ट. हिला कोणी ओढलेलं नसतं, म्हणून ती आपल्या मापात राहते. गाड्यांवर पूर्ण लपेटायला हीच वापरतात. कास्ट फिल्म साधारण ५० मायक्रॉनची असते आणि कॅलेंडर्ड बहुधा ७० ते १००च्या घरात. म्हणजे जाड ती टिकाऊ, हा आपला नेहमीचा हिशेब इथे उलटा पडतो. ‘एक्स्ट्रा थिक कास्ट’ हे शब्द एकत्र दिसले की निदान एक प्रश्न तरी विचारायलाच हवा.

शिवाय पीव्हीसी मुळात कडक. ते लवचीक राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळतात. स्वस्त फिल्ममधलं प्लास्टिसायझर एका जागी थांबत नाही, गममध्ये झिरपत जातं. परिणाम दुहेरी: वरची फिल्म कडक आणि ठिसूळ होते, खालचा गम मऊ होऊन राड होतो. म्हणूनच जुनी स्वस्त स्किन अखंड निघत नाही, तिचे तुकडे पडतात आणि गम झाकणाशीच राहतो.

माझ्या झाकणावर नेमकं हेच झालं. कोपरा उचलला, बोटभर पट्टी आली आणि तुटली. पुन्हा कोपरा, पुन्हा तुकडा. मधल्या एका जागी गमने झाकणाचा रंगच सोबत उचलला, खालचं करडं प्लास्टिक दिसू लागलं. आधीच्या ओरखड्यांपेक्षा हा डाग कितीतरी मोठा.

विक्रेत्याला फोटो पाठवले. पहिलं उत्तर: “मॅडम, हेअर ड्रायर लावला नाही का?” लावला होता. दुसरं: “तुमच्या लॅपटॉपचा पेंट खराब आहे.” यात अर्धं तथ्य निघालं म्हणून सांगते. काही लॅपटॉपच्या प्लास्टिकवर हाताला मऊ, रबरासारखा लागणारा मुलामा असतो. तो मुळातच नाजूक. काही वर्षांनी तो आपोआपही चिकट होतो, आणि त्यावर काहीही चिकटवू नये. पण मग ‘कुठल्याही लॅपटॉपवर चालेल’ असं जाहिरातीत का लिहिलं होतं, या प्रश्नावर त्याने मला ब्लॉक केलं.

ज्यांच्या झाकणावर असाच गम बसला आहे त्यांच्यासाठी. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. हेअर ड्रायरची ऊब मध्यम ठेवा, एका जागी धरू नका, कारण त्या पातळ झाकणाच्या लगेच मागे स्क्रीनचा पॅनल आहे. हीट गन तर नकोच. याच कारणाने पट्टीने किंवा सुरीने जोर लावून खरवडू नका. स्क्रीन आतून तडकली तर स्किनचं दुःख किरकोळ वाटेल. स्किन सरळ वर ओढायची नाही, मागे दुमडून, झाकणाला जवळजवळ समांतर, सावकाश ओढायची. उरलेल्या गमला कापडावर थोडं तेल घेऊन काही वेळ मऊ करा, पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा काढा. तेही आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघा आणि द्रव नेहमी कापडावर घ्या, झाकणावर ओतू नका. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर वापरायचा मोह आवरा. त्यातलं अ‍ॅसिटोन बऱ्याच लॅपटॉपचं प्लास्टिक विरघळवतं, तिथे कायमचा पांढुरका डाग पडतो.

आता घ्यायची असेल तर काय बघायचं. जाहिरातीतले सगळे नमुने एकामागून एक पाहा. सगळ्या डिझाईनवर प्रकाशाची चमक अगदी त्याच जागी, त्याच आकाराची दिसली तर ते फोटो खऱ्या स्किनचे नाहीत. एकाच रिकाम्या लॅपटॉपच्या फोटोवर चित्रं बसवलेली आहेत. अभिप्राय वाचताना पाच तारे सोडा, एक आणि दोन तारेवाले वाचा, त्यातही ज्यांनी काही महिन्यांनी पुन्हा येऊन भर घातली आहे ते. ‘१५.६ इंच, सर्व कंपन्यांना चालेल’ यावर विसंबू नका. इंच हे स्क्रीनच्या कर्णाचं माप आहे, झाकणाचं नाही. १६:९ प्रमाणाची १५.६ इंची स्क्रीन सुमारे ३४.५ बाय १९.४ सेंटिमीटर भरते, पण तिच्याभोवतीची चौकट प्रत्येक मॉडेलला वेगळी. प्रामाणिक विक्रेता मॉडेलचा नंबर विचारतो, किंवा झाकण मोजून पाठवा म्हणतो. स्वतःचं चित्र छापायचं असेल तर तो फाईलबद्दलही कुरकुर करतो. ३५ सेंटिमीटर रुंदी ३०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायला चार हजारांवर पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेल्या, दाबून लहान झालेल्या चित्रात तेवढे सहसा नसतात. माझ्या विक्रेत्याने तीच फाईल ‘परफेक्ट’ म्हणून घेतली होती.

‘कार्बन फायबर’ स्किनमध्ये कार्बन फायबर नसतं, विणीचा नक्षीदार ठसा उठवलेलं पीव्हीसी असतं. त्यात वाईट काही नाही, फक्त पैसे कार्बनचे देऊ नका. उलट खऱ्या धातूचा पातळ पत्रा असलेली चकचकीत फिल्म प्लास्टिकच्या झाकणावर लावू नका. पुष्कळ लॅपटॉपमध्ये वाय-फायचे अँटेना स्क्रीनच्या आसपास झाकणातच असतात आणि धातू त्यांच्या लहरी अडवतो.

विक्रेता साइटबाहेर बोलवत असेल तर मालाचं पूर्ण वर्णन साइटच्याच चॅटमध्ये एकदा लिहून त्याच्याकडून ‘हो’ घ्या. जाहिरातीचे फोटो आणि व्हिडिओ ऑर्डरच्या दिवशीच उतरवून ठेवा, ते नंतर बदलतात. एक छोटा तुकडा जास्तीचा मागा आणि तो आधी एखाद्या जुन्या प्लास्टिकच्या वस्तूवर लावून काही दिवस उन्हात ठेवा. तुकडा द्यायला नाही म्हणणाऱ्याचा माल घेऊ नका.

तक्रार करताना ‘माल खराब निघाला’ हे कारण निवडलं तर मुदत, वापर, कस्टम माल या वादात अडकाल. ‘वर्णनाप्रमाणे माल नाही’ हे निवडा आणि जाहिरातीतला दावा व हातातला माल यांचे फोटो शेजारी शेजारी जोडा. माझ्याकडे तो कोरा, बिनजाळीचा मागचा कागद होता आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लॅमिनेशन चार्ज’ असं त्याने स्वतः लिहिलेलं होतं. लिंकवरचे पैसे कार्डाने भरले होते, त्यामुळे न केलेल्या लॅमिनेशनचे पैसे घेतले म्हणून बँकेकडे वाद दाखल करता आला आणि तेवढी रक्कम परत आली. साइटने मूळ ऑर्डरचे पैसे नाकारले. नव्या नावाच्या दुकानाची तक्रार जुन्या आणि नव्या जाहिरातींचे फोटो जोडून पाठवली आहे, त्याचं उत्तर अजून यायचंय.