कॉलेज फुटबॉलचा राष्ट्रीय विजेता : मतदान, दोन संघ, चार की बारा?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या सर्वात वरच्या गटात 130 हून अधिक विद्यापीठांचे संघ आहेत आणि नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला सामने येतात फक्त 12. सगळी गोम इथेच आहे. आयपीएलमध्ये 10 संघ प्रत्येकी 14 सामने खेळतात, त्यामुळे गुणतक्ता पाहिला की पहिले चार कोण ते कळतं. इथे असा एकच तक्ता मांडताच येत नाही. बहुतेक संघांची वर्षभरात एकमेकांशी गाठच पडत नाही आणि कोणाचं वेळापत्रक किती खडतर होतं यावर वाद उरतोच. त्यात भर म्हणजे इतर खेळांत विजेता ठरवणारी एनसीएए ही संस्था या गटात स्वतः जेतेपद देतच नाही. म्हणून गेली नव्वद वर्षं विजेता ठरवण्याच्या पद्धती बदलत आल्या आहेत.

आपल्याकडची बरीच मुलं ओहायो स्टेट, मिशिगन, टेक्सास ए अँड एम अशा विद्यापीठांत शिकतात. ती आणि त्यांच्यामुळे घरचेही हा खेळ बघू लागतात, आणि डिसेंबरात संघनिवडीच्या वेळी कुठली पद्धत बरी यावर त्यांना मत बनवावं लागतं. त्यांच्यासाठी हा आढावा.

सर्वात जुनी पद्धत मतदानाची. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या मतदानात पत्रकार 1936 पासून क्रमवारी लावतात, 1950 पासून प्रशिक्षकांची वेगळी क्रमवारी आली. दोन्हींचा कौल जुळला तर एक विजेता, नाही जुळला तर दोन. 1990, 1991 आणि 1997 मध्ये नेमकं हेच झालं. 1997 ला मिशिगन आणि नेब्रास्का दोघेही अपराजित राहिले, पत्रकारांनी मिशिगनला निवडलं, प्रशिक्षकांनी नेब्रास्काला, आणि हे दोन संघ एकमेकांशी खेळलेच नाहीत. या पद्धतीच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, ती म्हणजे लहान कॉन्फरन्सच्या (कॉन्फरन्स म्हणजे मुख्यतः आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा समूह) संघाला दार बंद नव्हतं. 1984 मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठ सगळे 13 सामने जिंकून विजेतं ठरलं. तरीही ज्या खेळात खेळाडू शरीर पणाला लावतात, त्याचा शेवटचा निकाल मतपत्रिकेवर लागावा हे मला पटत नाही.

1998 ते 2013 या काळात बीसीएस (बोल चॅम्पियनशिप सिरीज) ही पद्धत आली : मतदान आणि संगणकाची गणितं एकत्र करून पहिले दोन संघ काढायचे आणि त्यांचा एक सामना लावायचा. कागदावर सुरेख. पण 2003 च्या हंगामात पत्रकार आणि प्रशिक्षक दोघांच्याही क्रमवारीत पहिला असलेला यूएससी हा संघ गणितात तिसरा ठरला आणि अंतिम सामन्याबाहेर राहिला. आपल्या कॉन्फरन्सचा अंतिम सामना 35-7 असा हरलेला ओक्लाहोमा मात्र आत. एलएसयूने ओक्लाहोमाला हरवून बीसीएसचं जेतेपद घेतलं, पत्रकारांनी आपलं जेतेपद यूएससीला दिलं. म्हणजे दोन विजेते टाळायला आणलेल्या पद्धतीतूनही दोन विजेते निघाले. पुढच्याच वर्षी ऑबर्न एकही सामना न हरता बाहेर राहिला. तीन अपराजित संघांना दोन खुर्च्या पुरणार कशा?

मग 2014 पासून चार संघ आणि 13 जणांची निवड समिती. पहिल्याच वर्षी चौथ्या क्रमांकाच्या ओहायो स्टेटने अलाबामा आणि ओरेगनला हरवून जेतेपद नेलं. दोनच संघांची पद्धत असती तर त्यांना संधीच मिळाली नसती, त्यामुळे चार हा आकडा लोकांना पटला. पण पाच मोठ्या कॉन्फरन्सना चार जागा, म्हणजे एका विजेत्याला दरवर्षी डच्चू ठरलेला. लहान कॉन्फरन्सचं तर विचारूच नका. दहा वर्षांत एकटा सिनसिनाटी 2021 ला आत आला. 2017 ला सेंट्रल फ्लोरिडाने सगळे 13 सामने जिंकले, त्या हंगामात अलाबामा आणि जॉर्जिया या दोघांनाही हरवलेल्या ऑबर्नला त्यांनी ‘बोल’ सामन्यात (हंगामानंतर निवडक संघांत होणाऱ्या सामन्यात) 34-27 असं नमवलं, आणि राष्ट्रीय विजेतेपदासाठी भिडले अलाबामा आणि जॉर्जिया.

या पद्धतीचा खरा कस लागला तो 2023 मध्ये, फ्लोरिडा स्टेटच्या बाबतीत. 18 नोव्हेंबरला त्यांचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रं हाती असलेला खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिस याच्या पायाला गंभीर दुखापत झाली आणि त्याचा हंगाम संपला. संघाने त्यानंतर फ्लोरिडाला 24-15 ने हरवलं. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात तर दुसरा क्वार्टरबॅकही नव्हता. पहिल्या वर्षाचा पोरगा मैदानात उतरला, बचावफळीने लुईव्हिलला एकही टचडाऊन करू दिला नाही आणि सामना 16-6 असा जिंकला. 13 पैकी 13 सामने, कॉन्फरन्सचं जेतेपद. दुसऱ्या दिवशी समितीने यादी जाहीर केली : फ्लोरिडा स्टेट पाचवा, म्हणजे बाहेर. एक सामना हरलेला अलाबामा चौथा. कारण काय, तर क्वार्टरबॅकशिवाय हा संघ पूर्वीसारखा राहिलेला नाही. ट्रॅव्हिसने लिहिलं की माझा पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, हा संघ एकट्या क्वार्टरबॅकवर चालत नाही हे तुम्हाला दिसलं तरी असतं. विशीतल्या मुलावर असं लिहायची वेळ यावी, याहून त्या पद्धतीविरुद्ध मोठा पुरावा मला माहीत नाही. पुढे ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने त्यांना 63-3 असं धुतलं तेव्हा ‘समितीचंच बरोबर होतं’ असं म्हणणारे निघाले. पण त्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटचे कितीतरी मुख्य खेळाडू उतरलेच नव्हते. जेतेपदाचा रस्ता बंद झाल्यावर उरलेला सामना कोण कशासाठी खेळणार?

2024 पासून बारा संघ. पहिली दोन वर्षं नियम असा : क्रमवारीत वर असलेले पाच कॉन्फरन्सविजेते हक्काने आत, बाकी सात समितीच्या निवडीने. पहिल्या चारांना पहिल्या फेरीत पुढे चाल, पाच ते आठ क्रमांकांना घरच्या मैदानावर सामना. विद्यापीठाच्या आवारात, डिसेंबरच्या थंडीत, जेतेपदाच्या स्पर्धेचे सामने पहिल्यांदाच झाले आणि पहिल्या वर्षी चारही यजमान जिंकले.

या पद्धतीवरचा सर्वात जड आक्षेप असा की नियमित हंगामाची धार बोथट होते. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 30 नोव्हेंबर 2024 ला पाच सामने हरून आलेल्या मिशिगनने ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानावर 13-10 असं हरवलं. हा ओहायो स्टेटचा हंगामातला दुसरा पराभव. पूर्वी दोन पराभवांनंतर आशा जवळपास संपायची (2007 चा एलएसयू हा ठळक अपवाद). यावेळी मात्र तोच ओहायो स्टेट आठवं मानांकन घेऊन आत आला, टेनेसी, ओरेगन, टेक्सास आणि नोत्रे दाम अशा चौघांना ओळीने हरवून 20 जानेवारी 2025 ला विजेता झाला. नोव्हेंबरातला तो एक शनिवार आता पूर्वीइतका जीवघेणा उरलेला नाही, हे खरंच आहे. माझ्या लेखी हा तोटा सोसण्याजोगा आहे, कारण त्या बदल्यात विजेत्याबद्दल कोणाच्या मनात शंका उरली नाही. पण ज्याला या खेळात सर्वात जास्त ओढ त्या शनिवारांचीच आहे, त्याने चार संघांची पद्धत निवडली तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

बारा संघांमधला खरा दोष मला वेगळाच दिसतो : अव्वल चारांना मिळणारं बक्षीस. पहिल्या दोन वर्षांत पुढे चाल मिळालेल्या आठ संघांपैकी सात आपला पहिलाच सामना हरले. तीन आठवड्यांहून जास्त काळ सामना नाही, आणि मग थेट तटस्थ मैदानावर, लय सापडलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे. 2024 ला अव्वल मानांकित अपराजित ओरेगनला ओहायो स्टेटशी पासाडेनात, रोझ बोलमध्ये खेळावं लागलं आणि दुसऱ्या क्वार्टरमध्येच ते 34-0 ने मागे पडले. त्याच ओहायो स्टेटला त्यांनी ऑक्टोबरात आपल्या घरी एका गुणाने हरवलं होतं! मानांकनाचा नियम (2024 ला पहिली चार मानांकनं कॉन्फरन्सविजेत्यांसाठीच राखीव होती) 2025 ला सुधारला, पण मैदानाचा प्रश्न तसाच राहिला. सात बुडाले, पण त्या वर्षी तरलेला आठवा संघ म्हणजे इंडियाना. वर्षानुवर्षे हरण्यासाठीच ओळखला गेलेला हा संघ 16-0 अशा कामगिरीने विजेता झाला. अंतिम सामन्यात त्यांनी मायामीला 27-21 ने हरवलं, आणि मायामी हा दहावा मानांकित होता, आपल्या कॉन्फरन्सचा अंतिम सामनाही न खेळलेला. चार संघांच्या काळात मायामीचा विचारसुद्धा झाला नसता.

आता 16 आणि 24 संघांचे प्रस्ताव चर्चेत आहेत. एक गट खाली, एफसीएसमध्ये, 2013 पासून 24 संघ खेळतात आणि तिथे उपांत्य फेरीपर्यंत सामने विद्यापीठांच्याच मैदानांवर होतात. ही दुसरी गोष्ट जरूर उचलावी, पहिली नको. इंडियानाच्या मुलांनी आत्ताच 16 सामने खेळले आणि एनएफएलच्या व्यावसायिकांचा नियमित हंगाम 17 सामन्यांचा असतो. तीन-चार पराभव झालेल्या संघांसाठी आणखी एक फेरी वाढवून या मुलांच्या गुडघ्यांवर आणि डोक्यांवर आणखी भार टाकायचा, तो प्रामुख्याने टीव्हीच्या पैशासाठी. ईएसपीएनचा सध्याचा करारच सहा वर्षांसाठी 7.8 अब्ज डॉलरचा आहे.

म्हणून माझी निवड बाराच्या बाजूने, पण दोन अटींवर. एक, उपांत्यपूर्व फेरी वरच्या मानांकिताच्या मैदानावर व्हावी. रोझ बोलसारख्या परंपरेच्या जागा उपांत्य फेरीला द्याव्यात. दोन, पाच विजेत्यांची हक्काची जागा कोणी काढू नये. 2025 ला टुलेन आणि जेम्स मॅडिसन पहिल्या फेरीत मोठ्या फरकाने हरले, तेव्हा लहानांना बाहेर काढा अशी ओरड झाली. पण 2024 ला टेनेसीही ओहायो स्टेटकडून 42-17 असा हरला होता आणि तेव्हा टेनेसीच्या कॉन्फरन्सच्या जागा कमी करा असं कोणी म्हटलं नाही. जेम्स मॅडिसनने ओरेगनच्या मैदानावर 34 गुण केले. त्याच वर्षी बलाढ्य टेक्सास टेकला त्याच ओरेगनविरुद्ध एकही गुण करता आला नाही. बड्या कॉन्फरन्सना आधीच ठरवून चार-चार जागा देण्याचा जो विचार पुढे आला आहे, त्याला विरोध करायला एवढी आकडेवारी मला पुरेशी वाटते.