नकाशाच नसलेली दक्षिण ध्रुवाची शर्यत

जाडजूड पुस्तक, गुळगुळीत कागद, देखणे फोटो. पण ब्रिटिश स्कॉट आणि नॉर्वेजियन आमुंडसेन यांच्या शर्यतीवरच्या पुस्तकात मार्गाचा एकही धड नकाशा नसावा? शिधासाठे कुठे होते, हे वाचकाने हवेत कल्पायचं!

हा किरकोळ दोष नव्हे. स्कॉटचा 'वन टन डेपो' हा मोठा शिधासाठा ८० अंश दक्षिणेला ठरला होता; तट्टू थकल्याने तो ७९ अंश २९ मिनिटांवरच लागला, म्हणजे सुमारे ५७ किलोमीटर अलीकडे. ध्रुवावरून परतताना स्कॉट आणि त्याचे साथीदार जिथे मरण पावले ती मार्च १९१२ मधली शेवटची छावणी त्याच्यापासून जेमतेम २० किलोमीटरवर होती. ठरल्या जागी साठा असता तर तो वाटेत आधीच लागला असता. लेखक हे एका वाक्यात उरकतो आणि पुढची तीन पानं 'नियती'वर खर्च करतो.

रॉकेलचंही तेच. डब्यांच्या झाकणाखालचे चामडी वायसर थंडीत आकसले, तेल उडालं. आमुंडसेनने डबे झाळून बंद केले होते. यातलं काहीच नाही. आमुंडसेनने ८० अंशांवरच्या साठ्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या रांगेत झेंडे रोवले, धुक्यात चुकलं तरी एखादा सापडावा म्हणून, तेही गायब. आमुंडसेन ध्रुवावर पोचला ती १४ डिसेंबर १९११ ही तारीख मात्र पाच वेळा येते.

स्कर्व्हीवरचं (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजारावरचं) प्रकरण बरं आहे. सूची नाही, तळटीपा तुटपुंज्या. फोटोंसाठी घ्यायचं तर ग्रंथालयातून आणा.