‘३० मिलिअँप’, पण कितव्या व्होल्टला?

रबाळे एमआयडीसीतल्या एका पॅनेलवाल्याचं ड्रॉइंग तपासायला आलं. १००० केव्हीए ट्रान्सफॉर्मरच्या एलटी (कमी व्होल्टेजच्या) बाजूचं आरईएफ, म्हणजे ठरावीक हद्दीच्या आतला अर्थ फॉल्ट पकडणारं संरक्षण. त्याचे सीटी (करंट रिलेला झेपेल इतका लहान करणारे ट्रान्सफॉर्मर) १६००/१, पीएस क्लास (खास अशा संरक्षणासाठीचा), व्हीके (कोअर संपृक्त व्हायला लागतो ते नी-पॉइंट व्होल्टेज) २५० व्होल्ट, मॅग्नेटायझिंग करंट (कोअर स्वतःसाठी खातो तो) कमाल ३० मिलिअँप. कितव्या व्होल्टला, ते मात्र गुलदस्त्यात.

सीटी नुसत्या ओव्हरकरंट रिलेसाठी (करंट फार वाढला की ब्रेकर पाडायला लावणाऱ्या उपकरणासाठी) असेल तर या भानगडीत पडूच नका. ५पी२० आणि लागतील तेवढे व्हीए (सीटीवरचा भार) लिहा, झालं. तिथे वीसपट करंटला ५ टक्के कंपोझिट एरर चालते. १ अँपच्या सीटीत वीसपट म्हणजे २० अँप, म्हणजे कोअरने १ अँप खाल्ला तरी सीटी पास!

हाय इम्पीडन्स (रिलेच्या वाटेत मोठा रेझिस्टन्स असलेल्या) आरईएफला हे परवडत नाही. तीन फेजचे आणि न्यूट्रलचा असे चार सीटी समांतर बसतात आणि आतला फॉल्ट झाला की रिलेबरोबर चारही कोअर आपला वाटा ओढतात. रिले ०.१ अँपला लावलाय, प्रत्येक कोअर ३० मिलिअँप खातो, तर बेरीज ०.२२ अँप. १६०० ने गुणा: ३५२ अँपचा फॉल्ट झाल्याशिवाय रिले हलणार नाही. कोअर १० मिलिअँपचा असता तर २२४. मेट्रोसिलचा (जादा व्होल्टेज दाबायला रिलेला समांतर लावतात त्या रेझिस्टरचा) करंट यात धरलेलाच नाही.

कोअरचा हा करंट मोजायचा सेटिंग व्होल्टेजला, म्हणजे ज्या व्होल्टेजला रिले उचलतो त्याला. हद्दीबाहेरच्या मोठ्या फॉल्टला तो उचलू नये इतकं ते ठेवतात. ५ टक्के इम्पीडन्सवर फॉल्ट २६.७ किलोअँप, सेकंडरीत १६.७ अँप. सीटीचा रेझिस्टन्स ६ ओहम, जाण्यायेण्याच्या वायरचा १ ओहम, म्हणजे सेटिंग ११७ व्होल्ट. व्हीके त्याच्या किमान दुप्पट हवा, म्हणून २५०. अर्थात रिलेचं व्होल्टेज जवळपास व्हीकेच्या निम्म्यावरच येतं.

म्हणून माझं मत ‘व्हीके/२ ला’ लिहिण्याचं. तोच आकडा ‘व्हीकेला’ लिहिलात तर अट बरीच कडक होते, कारण नी-पॉइंटला व्होल्टेज १० टक्के वाढवलं की करंट ५० टक्के वाढतो. कोअर जाड होतो, वळशाची तार लांबते, रेझिस्टन्स चढतो आणि सेटिंग व्होल्टेज पुन्हा वर. शिवाय पॅनेलमध्ये बसबारभोवती जागा कुठाय? उलट ‘व्हीके/४ ला ३० मिलिअँप’ हे विक्रेत्याचं आवडतं वाक्य. आकडा तोच दिसतो, पण रिलेच्या व्होल्टेजला कोअर किती खाईल याची हमी कुठेच नाही. जुन्या ड्रॉइंगवरून कॉपी करताना हा ‘/४’ हमखास चिकटून येतो.

रेझिस्टन्सही ७५ अंशांचा मागा. वर्कशॉपमध्ये ३० अंशांला मोजलेला ६ ओहम ७५ ला ७ होतो.

ड्रॉइंगवर लाल पेनाने ‘@ व्हीके/२’ लिहून परत पाठवलं. टेस्टिंगच्या दिवशी प्रायमरी उघडी ठेवून सेकंडरीला हवं तेवढं व्होल्टेज देणारा व्हेरिअ‍ॅक लावला, १२५ व्होल्टवर मीटर २२ मिलिअँपला थांबला. चार सीटींचे ८८, रिलेचे १००. म्हणजे रिले ३०१ अँपला उचलणार.