फ्यूज उडाला, बूस्ट तेवढाच

डॅशबोर्डवरचा बूस्ट कंट्रोलर, म्हणजे टर्बोने इंजिनात किती दाबाने हवा कोंबायची ते ठरवणारा बॉक्स, एके दिवशी बंद पडला. फ्यूज उडाला होता. तसाच निघालो, तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, आणि काचेशेजारच्या खांबाला लावलेल्या माझ्या जुन्या मीटरचा काटा नेहमीसारखा १.४ बारवर जाऊन थांबला. नवल वाटलं म्हणून ज्याने तो बसवला त्या ट्यूनरला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, सेटिंग व्हॉल्व्हच्या मेमरीत राहतं. डिस्प्ले फक्त बघायला." मला पटलं. पुढचे तीन आठवडे गाडी तशीच पळवली.

व्हॉल्व्हला मेमरी नसते. टर्बोबद्दल चार लोकांना शहाणपण शिकवणाऱ्यांतला मी, आणि एवढी साधी गोष्ट मला फोनवर सुचली नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

टर्बोचा बूस्ट वेस्टगेट ठरवतो. दाब पुरेसा झाला की ही झडप उघडते आणि एक्झॉस्टचा काही वायू टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. ती उघडणारी एक डबी असते, आत डायफ्राम आणि स्प्रिंग. माझ्या गाडीतली स्प्रिंग ०.६ बारची. म्हणजे कोणी मध्ये पडलं नाही तर गाडी ०.६ च्या आसपासच थांबणार. बूस्ट कंट्रोलरचं काम एवढंच, की डबीकडे जाणारा दाब अडवायचा किंवा थोडा बाहेर सोडून द्यायचा, म्हणजे डबीला वाटतं अजून वेळ झालेली नाही. थोडक्यात, तो वेस्टगेटशी खोटं बोलतो. माझ्या गाडीत तो माझ्याशीही बोलत होता.

हे काम कंट्रोलर सोलेनॉइडकडून, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हकडून, करून घेतो. नीट जोडलेल्या तीन तोंडांच्या सोलेनॉइडची वीज गेली की सगळा दाब सरळ डबीकडे जातो आणि बूस्ट स्प्रिंगच्या आकड्यावर येतो. बिघाड झाला तर इंजिन वाचावं म्हणूनच ती जोडणी तशी करतात. फ्यूज उडाल्यावर माझा काटा ०.६ वर यायला हवा होता. तो १.४ वर राहिला, याचा अर्थ त्या बॉक्सचा बूस्टशी काही संबंधच नव्हता.

आता मुळापासून सांगतो. गाडी आधीच ट्यून केलेली होती. ते काम दुसऱ्या माणसाचं, आणि चोख. ईसीयूच्याच, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्याच, सोलेनॉइडवर १.१ बार, फ्युएल कट (बूस्ट फार चढला की इंधन तोडणं) १.३ वर, कुठे तक्रार नाही. मला आणखी थोडं हवं होतं. 'आणखी थोडं' हा आजार ज्याला झालाय त्याला वेगळं सांगायला नको. हा नवा ट्यूनर बोलायला फर्डा. ड्यूटी सायकल, स्पूल, टायमिंग, सगळे शब्द तोंडपाठ. त्याचं पॅकेज असं: इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर, त्याला जुळणारी ईसीयूची नवी फाइल, आणि डायनोवरचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा, आधीचा-नंतरचा आलेख. गाडी दोन दिवस ठेवून घेतली. मी थांबतो म्हटलं तर, "फाइल लिहिताना कस्टमर आत नको, लक्ष विचलित होतं." हेही पटलं.

गाडी परत मिळाली तेव्हा खरंच सुसाट होती. फसवणुकीतला सगळ्यात पक्का भाग हाच. १.१ चा १.४ झाला की पाठ सीटला चिकटते, आणि पाठ चिकटल्यावर माणूस पावती वाचत नाही. पावतीवर फक्त 'फुल पॅकेज' एवढंच लिहिलं होतं. कंट्रोलरला लो आणि हाय असे दोन मोड होते, पण लोच्या बटणावर स्टिकर. "त्याला हात लावलात तर वॉरंटी जाईल." तेव्हा वाटलं, किती काळजी घेतो हा माणूस! लो दाबूनही बूस्ट तेवढाच राहिला असता, आणि ते मला कळू नये म्हणून तो स्टिकर होता.

थंड हवेत काटा क्षणभर १.६ ला शिवून यायचा. हे मी त्याला सांगितलं. उत्तर: "थंड हवेत टर्बो खूश असतो."

मग एका लांब चढावर, चौथ्या गिअरमध्ये, डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला आणि गाडीने दम सोडला. मागे निळा धूर, ऑइलची काडी वर आलेली. कॉम्प्रेशन तपासलं तर तीन सिलिंडर १२ बारच्या जवळ आणि तिसऱ्या नंबरचा ७. त्याच्या स्पार्क प्लगच्या पांढऱ्या भागावर मिरपुडीसारखे बारीक ठिपके होते, ते वितळलेल्या ॲल्युमिनियमचे. हेड उतरवल्यावर कळलं, दोन रिंगांमधली पिस्टनची कडा तुटली होती. नॉकिंगची, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकून ठोके बसण्याची, ही नेहमीची खूण.

हे इंजिन ज्याने खोललं तो मेकॅनिक शांत माणूस. पिस्टन दाखवून तो फक्त म्हणाला, "आता हे का झालं ते शोधू," आणि नळ्यांचा मागोवा घेत गेला. नवा सोलेनॉइड बोनेटखाली दिमाखात बसवलेला, वायर लावलेल्या, इग्निशन चालू केलं की टकटक आवाज करणारा. त्याच्या डबीकडे जाणाऱ्या नळीत एक स्क्रू ठासलेला होता. आत हवाच जात नव्हती. गाडीचा मूळ सोलेनॉइड नळ्या काढून नुसता लोंबत ठेवला होता. प्लग मात्र जोडलेला, म्हणजे चेक इंजिनचा दिवा लागायला नको. आणि वेस्टगेटच्या नळीत, उष्णतारोधक पट्टीखाली लपवलेला, पितळेचा एक छोटा टी जोड, त्यावर पिळायचा स्क्रू. हवा गळू देणारा व्हॉल्व्ह. माझा 'इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर' तो होता.

पण इंजिन त्याने मारलं नाही. साधा हाताने पिळायचा कंट्रोलरही प्रामाणिकपणे बसवला आणि ट्यून त्याला जुळवून घेतली तर वर्षानुवर्षं चालतो. मारलं ते त्याच्या शेजारच्या वस्तूने. मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधल्या) दाबाच्या सेन्सरच्या वायरमध्ये एक छोटं सर्किट घातलेलं होतं. ते सेन्सरचा व्होल्टेज एका मर्यादेच्या वर जाऊ देत नाही. १.३ ला ईसीयू इंधन तोडणार, मग कस्टमर परत येणार. त्यापेक्षा ईसीयूला १.१ च्या वरचं काही दिसूच द्यायचं नाही. सोपा उपाय.

हिशेब करून बघा. वातावरणाचा १ बार धरून ईसीयूला दिसतोय एकूण २.१, सिलिंडरमध्ये जातोय २.४. हवा सुमारे १४ टक्के जास्त, इंधन मात्र २.१ च्या हिशेबाने. पूर्ण बूस्टला माझं मिश्रण एका भाग पेट्रोलला १२ भाग हवा असं असायचं. ते आता १३.७ वर गेलं. शिवाय ठिणगीचं टायमिंगही कमी दाबाचंच, म्हणजे हवं त्यापेक्षा आधी. १.६ चा झटका यायचा तेव्हा काय होत असेल, ते मी मोजत बसलो नाही.

आणि ईसीयूची नवी फाइल? मेकॅनिकने ती वाचून काढली. जुन्या ट्यूनरने दिलेली प्रत माझ्याकडे होती. दोन्ही ताडून पाहिल्या तर एका बाइटचा फरक नाही.

डायनोचा आलेख तर घरबसल्या पकडता आला असता. ताकद ही टॉर्क आणि फेऱ्यांवरूनच निघते. न्यूटन मीटरला आरपीएमने गुणायचं, ७०२४ ने भागायचं, की पीएस. माझ्या कागदावर ४००० आरपीएमला ३३० न्यूटन मीटर आणि २१५ पीएस छापले होते. गणित १८८ सांगतं. ज्याने तो आलेख काढला त्याने रेषा सुंदर वळवल्या होत्या, भागाकार तेवढा केला नव्हता. मी तो कागद लॅमिनेट करून ठेवला होता, हे मात्र कोणाला सांगू नका.

जाब विचारायला गेलो तेव्हा आधी, "पेट्रोल भेसळीचं असेल." मग, "तुम्ही गाडी रेमटवता." स्क्रू ठासलेली नळी समोर ठेवल्यावर, "दुसऱ्याने इंजिन खोललं ना? मग आमची जबाबदारी संपली." त्या 'फुल पॅकेज'च्या पावतीवर मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही, फाइलचा उल्लेख नाही. भांडायला हातात काही उरलं नव्हतं. पैसे परत मिळालेले नाहीत.

कोणी कंट्रोलर बसवून घेणार असेल तर गाडी ताब्यात घेताना, पैसे द्यायच्या आधी, सोलेनॉइडचा प्लग काढून एक फेरी मारा. बूस्ट स्प्रिंगच्या आकड्यावर उतरला नाही तर तिथेच थांबा. एका पूर्ण खेचेचा लॉग फाइल म्हणून मागा, त्यात आरपीएम, बूस्ट, हवा-इंधन प्रमाण, टायमिंग आणि नॉकमुळे टायमिंग किती मागे आलं, हे सगळं हवं. त्या लॉगमधला बूस्ट आणि वेगळ्या नळीवरच्या मीटरचा बूस्ट जुळतो का पाहा. माझ्याकडे मीटर पहिल्या दिवसापासून होता. तो १.४ म्हणत होता आणि ईसीयू १.१. दोघांना शेजारी ठेवायला पाच मिनिटं लागली असती. आणि काम चालू असताना तुम्हाला बाहेर बसवत असतील तर गाडी घेऊन निघा. उद्धटपणा वाटला तरी चालेल.

इंजिन आता बांधून झालंय, १.१ वर परत. तो बॉक्स मी टेबलावर आणून बारा व्होल्टला जोडला. लो, हाय, दोन्ही बटणांनी आकडा बदलतो, दिवा रंग बदलतो. आत एक डिस्प्ले, एक दाबाचा सेन्सर, आणि सोलेनॉइडला टकटक करायला लावणारा एक टायमर.