खान अकॅडमीवर मुलीचं गणित: वापरून झाल्यावरचं माझं मत

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी २०२४-२५ ला सातवीत होती आणि गणितात तिची गाडी पार अडली होती, रेशो-प्रपोर्शन आलं की रडारड ठरलेली. शाळेच्या पोर्टलवर ग्रेड मात्र बी, म्हणून शाळेच्या हिशोबाने सगळं ठीक! आता हा बी कशाचा तर होमवर्क वेळेवर दिलं, वर्गात हात वर केला, टेस्टमध्ये जेमतेम, या सगळ्याची सरासरी. पोरीला नेमकं काय येत नाहीये ते त्या एका अक्षरावरून आईबापाला कळणार कसं? एका ट्यूशन सेंटरमध्येही चौकशी केली, महिन्याला काहीशे डॉलर आणि हातात वर्कशीटचा गठ्ठा, तिथेही सुरुवात सातवीपासूनच. मग खान अकॅडमी लावलं आणि आता बऱ्यापैकी वापरून झालंय म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी माहिती. ही नॉन-प्रॉफिट संस्था आहे, साल खान नावाच्या अमेरिकन माणसाने २००८ मध्ये काढलेली, लांब राहणाऱ्या कझिनला फोनवर गणित शिकवता शिकवता हे सगळं सुरू झालं. व्हिडिओ, सराव, टेस्ट सगळं फुकट, जाहिराती नाहीत. पालकांनी वेगळं अकाउंट काढलं की मूल कुठल्या स्किलवर किती वेळ बसलं, काय चुकलं ते दिसतं. मी रोज रात्री तेच बघायचे.

तर सातवीचा कोर्स बाजूला ठेवून तिला आधीच्या इयत्तांच्या युनिट टेस्ट द्यायला लावल्या आणि गोची तिथे सापडली, फ्रॅक्शन्स! कॉमन कोअरमध्ये (कुठल्या इयत्तेत काय यायला हवं ते ठरवणारी इथली यादी) फ्रॅक्शन्स खऱ्या अर्थाने तिसरीत सुरू होतात आणि हिची तिसरी म्हणजे २०२०-२१, कोविडमुळे अख्खं वर्ष लॅपटॉपसमोर. पुढे दरवर्षी वर्ग वर गेला पण ते भोक तसंच राहिलं. पाऊण भागिले एक अष्टमांश, याचं उत्तर ती काढायची, उलटं करून गुणायचं, ६, बरोबर. पण ६ म्हणजे काय ६ विचारलं की गप्प. खानवर त्याच गणिताला एक पट्टी काढून दाखवलीये, पट्टीचा पाऊण भाग रंगवलेला आणि त्यात अष्टमांशाचे तुकडे किती बसतात ते मोजायचं. तिने बोट ठेवून मोजले आणि "अगं आई, हे तर नुसतं मोजणंच आहे" म्हणाली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आणि हे एकट्या माझ्या पोरीचं नाहीये हो. नेप नावाची देशभरची परीक्षा असते, त्यात २०२२ ला आठवीच्या गणिताचा सरासरी स्कोअर २०१९ पेक्षा ८ पॉइंटनी खाली आला आणि २०२४ मध्येही तो फारसा सावरला नाही. तरी मुलं वयाप्रमाणे वरच्या वर्गात जातातच, कारण इथली सगळी घडी वेळेच्या हिशोबावर बसवलेली आहे. हायस्कूलचं क्रेडिट ज्या कार्नेगी युनिटवर मोजतात ते १९०६ सालचं, साधारण १२० तास वर्गात बसलात की एक युनिट. तासांचा हिशोब चोख, पण त्या तासांत डोक्यात काय शिरलं याचा नाही. बेंजामिन ब्लूम हा अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ १९६८ पासून सांगत होता की वेळ कमीजास्त होऊ द्या, पण विषय पक्का झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, त्याला मास्टरी लर्निंग म्हणतात. खान अकॅडमी त्याच विचारावर उभं आहे आणि मला या ॲपचं मोल वाटतं ते यासाठीच.

म्हणजे प्रत्यक्षात कसं, तर प्रत्येक स्किलला फॅमिलियर, प्रोफिशियंट, मास्टर्ड अशा पायऱ्या आहेत. नुसता सराव करून मास्टर्ड होता येत नाही, नंतर युनिट टेस्टमध्ये वगैरे तेच स्किल पुन्हा विचारतात, तिथे आलं पाहिजे, आणि चुकलं तर पायरी खाली येते. पहिल्यांदा खाली आली तेव्हा लेक जाम चिडली, पण मला ते पटलं, दोन आठवड्यांनी विसरलं तर ते आलेलं नव्हतंच ना. हिंट घेतली तर तो प्रश्न चुकीचा धरतात, हेही चांगलंय. आणि सातवीतली मुलगी चौथीचं गणित करतेय हे वर्गात कोणाला कळत नाही, या वयात ही फार मोठी गोष्ट आहे.

मर्यादा पण सांगते. तपासलं जातं ते शेवटचं उत्तर, मधल्या पायऱ्या नाहीत, त्यामुळे वही-पेन्सिल घेऊनच बसवा नाहीतर पोरं पर्यायांवर अंदाज मारतात. व्हिडिओ बघून समजलं असं वाटतं आणि समजलेलं नसतं, म्हणून आमच्याकडे आधी प्रश्न, अडलं तरच व्हिडिओ. आणि मूल एकटं सोडून हे चालत नाही, कोणीतरी शेजारी बसावंच लागतं.

खानमिगो हा त्यांचा एआय ट्यूटर २०२३ मध्ये आला, पालकांना महिन्याला ४ डॉलर. तो थेट उत्तर देत नाही, उलट प्रश्न विचारतो, मूल काय बोललं ते पालकांना वाचता येतं. चुकू शकतो हे ते स्वतःच सांगतात. घाईतल्या मुलाला याचा कंटाळा येईल, ज्याला खरंच कळून घ्यायचंय त्याला चालेल. माझ्या मते पहिले काही महिने फुकटचंच वापरा.

मूल पाचवी ते आठवीत असेल आणि ग्रेड बरे असूनही गणिताला घाबरत असेल तर नक्की लावा. सुरुवात चालू इयत्तेपासून करू नका, तिसरी-चौथीच्या फ्रॅक्शन्सच्या युनिट टेस्ट द्यायला लावा, जिथे चुकायला लागेल तिथून धरा. रोज वीस मिनिटं पुरतात.